बट्ट्याचा हिशोब कसा ठेवायचा

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. नऊ वर्षांपूर्वी अपघातात गेला, तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. सकाळी उठलं की कृत्रिम पाय लावायचा: उरलेल्या पायावर लायनर म्हणजे मऊ आवरण चढवायचं, त्यावर मोजे, मग सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या खोबणीत, पाय घालून भार टाकायचा. लायनरच्या खालची पिन सॉकेटमधल्या कुलपात टक-टक-टक करत उतरते. पाच-सहा टक ऐकू आले की पाय बसला. याची सवय मला तीन महिन्यांत झाली. लोकांच्या नजरांची व्हायला चार वर्षं लागली, आणि त्यातली तीन तरी मी भलत्याच कामात घालवली. ते काम कोणतं आणि त्याऐवजी काय केल्याने बरं वाटायला लागलं, ते सांगते.

पेशाने मी हिशोब तपासते, त्यामुळे माझी सगळी रीत वहीची आहे. तुमची निराळी असली तरी चालेल. मात्र मला ज्याने त्याने दिलेला एक सल्ला मी तुम्हाला देणार नाही: "लोकांकडे लक्ष देऊ नकोस." लक्ष द्यायचं नाही म्हणून स्वतःवर नजर ठेवत बसणं हेही लक्ष देणंच. शिवाय समोरचा आपल्याला कमी धरतोय हे जाणवणं म्हणजे दरवेळी मनाचे खेळ नसतात. बऱ्याचदा तो खरोखरच कमी धरत असतो.

आधी शब्द नीट समजून घ्या

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली या विषयावर लिहिताना 'स्टिग्मा'चं मूळ सांगितलं होतं. जुने ग्रीक लोक गुलामांच्या, गुन्हेगारांच्या अंगावर कापून किंवा डागून खूण करत, म्हणजे बाकीच्यांनी लांब राहावं. मराठीत याला डाग म्हणतात, कलंक म्हणतात. मला 'बट्टा' जवळचा वाटतो, कारण तो आमच्या वहीतलाच शब्द. झिजलेलं, डागी नाणं आलं की सराफ त्याची किंमत कापून धरायचा, ती कपात म्हणजे बट्टा. नाणं खोटं नसायचं, चालायचंही. घेणारा फक्त ते कमी धरायचा. अपंग माणसाचं हेच होतं. तोंड उघडायच्या आत रक्कम कापलेली असते.

आता, बट्टा लावला जातोय हे कळणं वेगळं आणि तो कबूल करणं वेगळं. मानसिक आजारांभोवतीच्या कलंकावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन यांनी याच्या पायऱ्या मांडल्या आहेत. आधी समाजातला समज माहीत होतो, मग तो पटतो, मग माणूस तो स्वतःला लावून घेतो, आणि मग स्वतःविषयीचं मत घसरतं. पुढचं टोक असं की "मग करून तरी काय उपयोग" म्हणत तो प्रयत्नच सोडतो. पहिली पायरी आपल्या हातात नाही, ज्याला डोळे-कान आहेत त्याला ते कळणारच. पहिली आणि दुसरी यांच्यामध्ये मात्र जागा आहे. खाली जे काही सांगतेय ते त्या जागेत करायचं काम आहे.

आरंभीची शिल्लक काढा

कोणतीही वही उघडताना आरंभीची शिल्लक लिहावी लागते. ज्यांना माझ्यासारखं मध्येच अपंगत्व आलं त्यांनी हे आधी करा, कारण आपली शिल्लक भलतीच वाईट असते.

अपघाताच्या आधी माझ्या कचेरीत कुबडी घेऊन चालणारे एक गृहस्थ होते. मी त्यांच्या हातातल्या फायली न विचारता घ्यायची आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायची. मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं. पाच वर्षांत कामातली एकही अडचण मी त्यांना विचारली नाही. ते माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी ज्येष्ठ होते, आणि मी अडले की त्यांना वगळून पलीकडच्या टेबलावर जायची. हे मला तेव्हा दिसलंसुद्धा नव्हतं.

पाय गेला तेव्हा हे सगळं साहित्य माझ्या डोक्यात आयतं तयार होतं. बाहेरून कुणी आणून ठेवायची गरजच पडली नाही. समाजशास्त्रज्ञ ब्रूस लिंक यांनी १९८०च्या दशकात मानसिक आजारांबाबत हेच मांडलं: शिक्का बसायच्या कितीतरी आधी माणूस त्या शिक्क्याचा अर्थ शिकलेला असतो, आणि पाळी आली की तो अर्थ स्वतःवर उलटतो.

तेव्हा एक पान घ्या आणि लिहा: अपंग होण्याआधी मी अपंग माणसांबद्दल काय समजत होते? खरं लिहा, कुणी वाचणार नाही. माझ्या पानावर सात वाक्यं निघाली. "यांच्यावर जबाबदारीचं काम टाकू नये." "यांच्याशी लग्न करणारा माणूस थोर." "हे चिडके असतात." मग प्रत्येक वाक्यापुढे दोनच गोष्टी लिहायच्या: हे मी कुठून उचललं, आणि पुरावा काय. माझ्या सातही वाक्यांपुढची दुसरी जागा कोरी राहिली. तपासनीस म्हणून मला लाज वाटली.

जन्मापासून अपंग असणाऱ्यांची शिल्लक वेगळ्या वळणाची असते. त्यांना हे समज घरातून, शाळेतून, कौतुकातूनसुद्धा मिळालेले असतात, आणि "आधीची मी" अशी तुलनेला दुसरी कुणी नसते. त्यांनी प्रश्न बदलावा: माझ्याबद्दल कोणतं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते मला माझंच वाटतं?

कीर्द: काय घडलं तेवढंच

आता रोजची नोंद. दोन रकाने. डावीकडे फक्त जे कॅमेऱ्यात दिसलं असतं ते. उजवीकडे त्याचा मी लावलेला अर्थ.

माझी एक जुनी नोंद अशी आहे. डावीकडे: "प्रतीक्षागृहात समोरचा माणूस दहा मिनिटं माझ्या दिशेने बघत होता." उजवीकडे: "पायाकडे बघतोय. उठताना मी अडखळते का याची वाट बघतोय." मी त्या दहा मिनिटांत पाय खुर्चीखाली ओढून घेतला होता, सॉकेटची कड मांडीत रुतत होती, तरी हलले नव्हते. माझा नंबर लागला, मी उठले, वळले, तर माझ्या डोक्याच्या बरोबर मागे टोकन क्रमांकांचा फलक. त्या बिचाऱ्याला त्याचा नंबर हवा होता.

१९८० साली क्लेक आणि स्ट्रेंटा या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग मला त्यानंतर कळला. काही जणांच्या चेहऱ्यावर रंगभूषेने व्रण काढला, आरशात दाखवला, आणि बोलायला पाठवायच्या आधी, व्रण टिकावा म्हणून मलम लावतोय असं सांगत गुपचूप पुसून टाकला. ही माणसं कोऱ्या चेहऱ्याने अनोळखी माणसाशी बोलली, आणि परत येऊन म्हणाली की समोरच्याचं वागणं व्रणामुळे बदललं होतं. रोखून बघणं, अवघडणं, सगळं त्यांना दिसलं होतं. व्रण मात्र नव्हता.

हा प्रयोग कुणी तुमच्या तोंडावर फेकून "बघ, सगळं तुझ्या मनात आहे" म्हणालं तर ऐकून घेऊ नका. माझा पाय काही रंगभूषा नाही. प्रयोग एवढंच सांगतो की अपेक्षा बाळगून बसलेला माणूस निर्विकार चेहऱ्यावरही मजकूर वाचतो. सगळे सारखा वाचत नाहीत. आपल्याला शिक्क्यानेच ओळखलं जाणार असं किती ठामपणे धरून चालतो, हे माणसागणिक बदलतं. एलिझाबेथ पिनेल यांनी १९९९ मध्ये ते मोजायला दहा विधानांची प्रश्नावली केली होती. मला प्रश्नावली नको होती, माझा उजवा रकाना पुरेसा बोलका होता.

आमच्या धंद्यात नियम असतो, व्हाउचर, म्हणजे कागदी पुरावा, नाही तर नोंद नाही. तो इथे लावा. आठवड्याच्या शेवटी बसून प्रत्येक नोंदीला विचारा, व्हाउचर काय? कुणी काही बोललं, काही नाकारलं, रांगेत डावललं, सोबत आलेल्या माणसाला "यांना काय हवंय?" असं विचारलं, हे व्हाउचर. नुसती नजर हे व्हाउचर नाही.

मग उरतात त्या धड ना इकडच्या ना तिकडच्या नोंदी, आणि मला सगळ्यात जास्त त्यांनीच पोखरलं. उघड अपमान झाला तर माणूस चिडतो आणि मोकळा होतो. "तो तसं का म्हणाला असेल?" हे मात्र रात्री दोनला परत येतं. हिशोबात रक्कम कुठली ते कळत नसेल तर आम्ही ती उचंत खात्यात टाकतो. नाकारत नाही, मान्यही करत नाही. तपशील मिळेपर्यंत पडून राहू देतो. वहीत मागे एक पान 'उचंत' म्हणून राखा. संशयाची नोंद तिथे, तारखेसह. महिन्याने ते पान उघडा. पहिल्या महिन्यात माझ्याकडे एकोणीस नोंदी होत्या. त्यातल्या अकरा वाचून मला प्रसंगच आठवेना. दोन पुढच्या घटनांनी पक्क्या ठरल्या आणि मी त्या खऱ्या खात्यात नेल्या. बाकी अजून तिथेच आहेत, असू देत.

पक्की नोंद झाली तर

कामावर परतल्यावर वर्षभराने वरिष्ठांनी बाहेरगावची तपासणी माझ्याकडून काढून घेतली. विचारलं तर म्हणाले, "तुला दगदग नको म्हणून." आवाजात माया होती. तीच अडचण असते, मायेशी भांडता येत नाही. घरी आले आणि स्वतःला सांगितलं की ते बरोबरच असतील, मीच हट्टी. ही कॉरिगनची दुसरी पायरी, मी दाणकन पाय दिला तिच्यावर.

तिसऱ्या दिवशी वही काढली. डावीकडे: "न विचारता काम काढलं. वैद्यकीय मनाई नाही. मागच्या दोन तपासण्या वेळेत पूर्ण." एवढं लिहिल्यावर मला दिसलं की यात माझ्या कुवतीबद्दल काहीच माहिती नाही, आहे ती त्यांच्या अंदाजाबद्दल. जेनिफर क्रॉकर आणि ब्रेंडा मेजर यांनी १९८९ मध्ये मांडलं होतं की वाईट वागणूक पूर्वग्रहातून आली हे ओळखता आलं तर त्याने आत्मसन्मान वाचू शकतो, कारण दोष आपल्या खात्यावर चढत नाही. म्हणजे बट्ट्याची जाणीव कधीकधी ढालसुद्धा होते. नेमकी असली तर.

पक्क्या नोंदीला लेखी उत्तर द्या, लहान आणि कामाच्या भाषेत. मी लिहिलं ते असं: "तपासणीचं काम मला झेपतं. राहण्याची खोली तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या ठिकाणी मिळावी, एवढीच गरज आहे. काम पुन्हा माझ्याकडे द्यावं, नाहीतर कारण लेखी कळवावं." भावना नाही, आजाराचा इतिहास नाही, आभाराची पल्लेदार वाक्यं नाहीत. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव धरला आहे, हे माहीत असलं की असं पत्र लिहिताना हात थरथरत नाही. काम मला परत मिळालं, दीड महिन्याने, काहीशा रागाने. राग परवडतो.

नजरा नका मोजू, टाळलेल्या गोष्टी मोजा

सुरुवातीला ज्या भलत्या कामाबद्दल म्हटलं ते हे: मी पहारा देत होते. कोण बघतंय, कधी बघतंय, मी कशी दिसतेय. जिना एकटी असतानाच चढायचा म्हणून कचेरीत वीस मिनिटं आधी पोचायची. उन्हाळ्यातही घोट्यापर्यंत विजार. सभेत शेवटची उठायची.

आणि मोजे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कापलेल्या पायाचा उरलेला भाग, आम्ही त्याला स्टंप म्हणतो, दिवसभरात थोडा आकसतो. सॉकेट सैल होतं, पाय आत खाली-वर सरकतो आणि हाडाच्या टोकाशी घासतो. उपाय एका मिनिटाचा आहे, पाय काढायचा, आणखी एक मोजा चढवायचा, पाय परत घालायचा. पण त्यासाठी पाय काढावा लागतो, आणि परत घालताना पिनचा आवाज होतो. कचेरीत तो आवाज कुणी ऐकेल म्हणून मी दुपारचा मोजा टाळायला लागले. दोन महिने टाळला. मग फोड आला, फुटला, जखम झाली, आणि सतरा दिवस पाय लावता आला नाही. कुणी मला काही बोललं नव्हतं. बट्टा मी स्वतःच कापून दिला होता, कुणी मागायच्या आत.

म्हणून माझ्या वहीत तिसरा रकाना आला: "आज काय टाळलं." जाणीव आपलं किती नुकसान करतेय हे या रकान्यात दिसतं, नजरांच्या मोजणीत दिसत नाही. एका आठवड्याची यादी करा. तीत तब्येतीला लागणारं काही असेल तर ते आधी उचला: औषध घेणं, मूत्रपिशवी रिकामी करणं, श्रवणयंत्राचा सेल बदलणं, चारचाकी खुर्चीत बसल्या जागी भार बदलणं, विश्रांती मागणं. बाकी सगळं नंतर.

एकदम सगळ्यांसमोर करायची गरज नाही. मी आधी पलीकडच्या टेबलावरच्या मैत्रिणीला सांगितलं, "टक-टक आवाज येईल, माझा पाय आहे, घाबरू नकोस." ती म्हणाली, "मला वाटायचं तू स्टेपलर वापरतेस." म्हणजे आवाज तिने आधीच ऐकला होता.

ज्यांचं अपंगत्व दिसत नाही, अपस्मार, कमी ऐकू येणं, मनाचा आजार, त्यांचा पहारा माझ्यापेक्षा अवघड. माझं आधीच उघड झालेलं असतं. त्यांना उघड होईल का, कुणाजवळ, कधी, हे रोज ठरवावं लागतं. सांगायलाच हवं असं मी म्हणणार नाही. सांगितल्याने नोकऱ्या गेलेल्या आहेत. एक तरी माणूस असा हवा की ज्याच्यापुढे पहारा उठवता येतो, एवढंच म्हणेन.

तयार उत्तरं

ऐनवेळी सुचत नाही म्हणून आधी ठरवून ठेवा, आणि मोठ्याने म्हणून बघा. माझी तीन आहेत. कुतूहलाला: "अपघातात गेला. आता बरी आहे. तुम्ही कुठे निघालात?" हळहळीला, विशेषतः नात्यातल्या काकू-मावश्यांच्या: "काकू, पायाचं झालं आता नऊ वर्षं. माझ्या बढतीचं कुणी विचारत नाही!" न मागितलेल्या मदतीला: "नको, पण दार धरलंत तर बरं होईल." शेवटचं मी मुद्दाम ठेवलंय. त्या गृहस्थांच्या फायली मी उचलायची तेव्हा मलाही कुणी नेमकं काय करायचं ते सांगितलं असतं तर झालं असतं.

कौतुकाचं काय करायचं हे अजून मला धड जमलेलं नाही. "तू किती खंबीर!" हे मी नुसतं बसमध्ये चढल्याबद्दलही ऐकलंय. ऑस्ट्रेलियातल्या स्टेला यंग, ज्या स्वतः चारचाकी खुर्ची वापरत, यांनी २०१४ च्या भाषणात अपंगांना असं प्रेरणास्थान बनवण्याला झोडपलं होतं. मी एक चाचणी लावते: हेच वाक्य दोन पायांच्या बाईला म्हटलं असतं का? नसेल तर हसून सोडून द्यायचं. मात्र त्यापायी कामाची खरी शाबासकीही संशयाने बघायची सवय लागते, तिच्यावर लक्ष ठेवा. ती शाबासकी जमेला धरायची आहे.

घरचे आणि आपल्यासारखे

आई माझ्यासोबत बाहेर निघाली की अर्धं पाऊल मागे चालायची. कोण बघतंय ते बघायला. मी माझ्या नजरा मोजत होते आणि ती माझ्यासाठी वेगळ्या मोजत होती, दोघींनी एकमेकींना सांगितलं नव्हतं. बट्टा जवळच्यांनाही लागतो. एके दिवशी म्हटलं, "आई, पुढे चल ना, माझ्याशी बोलत." तिला ते आवडलं नाही, पण हळूहळू आली पुढे.

आणि आपल्यासारख्यांत जा. मी उशिरा गेले. पायाच्या मापासाठी बसलेल्या सात-आठ जणांत एकाने आपला पाय काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवला होता, जागा धरून ठेवावी तसा. "इथे कुणी बसलंय का?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "बसलाय, पण उठवतो." मी अपघातानंतर पहिल्यांदा पायावर हसले ती तिथे. १९९९ मध्ये अल्ब्रेक्ट आणि डेव्हलिगर यांच्या अभ्यासात गंभीर अपंगत्व असलेल्या ५४.३ टक्के लोकांनी आपलं आयुष्य चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं होतं. बाहेरच्यांना हा आकडा कोडं वाटतो. त्या खोलीत बसलेल्या कुणाला वाटला नसता.

वहीने सगळं होत नाही. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खाली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप बिघडली असेल किंवा मरणाचे विचार येत असतील तर वही मिटा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा; मरणाचे विचार असतील तर दोन आठवडेही थांबू नका. मी गेले होते, आठ महिने. पहिले डॉक्टर "अपंगत्व आलंय म्हटल्यावर उदास वाटणारच" असं म्हणाले, तेव्हा मी डॉक्टर बदलले. तुम्हीही बदला.

माझ्या तीन वह्या भरल्या. चौथी दोन वर्षांपूर्वी घेतली, तीत सहाच नोंदी आहेत, त्यातल्या चार पक्क्या. मागच्या पानांवर हल्ली मोज्यांचा हिशोब असतो: सकाळी दोन, दुपारी तीन, पावसाळ्यात कधी चार.